जिवंत पेशीतील ॲक्टिन: हालचाल कशी पाहावी, कशी मोजावी

जिवंत पेशीतील ॲक्टिन या तंतू बनवणाऱ्या प्रथिनाची हालचाल चित्रित करणे मुंबईतील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आता दुरापास्त राहिलेले नाही. पवईची आयआयटी, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र येथे जिवंत पेशींचे चित्रण करू शकणारे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहेत. आणि ज्याला तिथवर पोहोचता येत नाही, त्याला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकावरही बरेच काही पाहता येते. खरी अडचण चित्रण संपल्यानंतर सुरू होते. पडद्यावर काहीतरी सरकताना दिसते आणि ते नेमके काय सरकत आहे, हे ठरवावे लागते. पेशीची कड पुढे जात असताना तिच्यातील तंतू जागच्या जागी असू शकतात. कड स्थिर असताना तेच तंतू मागे वाहत असू शकतात. आणि एखादी चकाकती लाट पेशीभर फिरत असताना तिच्यातील एकही तंतू तिच्याबरोबर प्रवास करत नसेल, असेही घडते. आकाराची हालचाल आणि द्रव्याची हालचाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ॲक्टिनच्या अभ्यासात जी फसगत होते ती बहुतेक वेळा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होते. पुढील मार्गदर्शन ही गल्लत टाळण्यासाठी आहे.

आधी जेवढे माहीत हवे तेवढे

ॲक्टिन हे सुमारे ४२ किलोडाल्टन वजनाचे, ३७५ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. हंगेरीतील सेगेद येथे आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ते स्नायूंतून वेगळे केले. त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा पीळदार तंतू तयार होतो आणि प्रत्येक नव्या रेणूगणिक त्या तंतूची लांबी २.७ नॅनोमीटरने वाढते. तंतूची दोन टोके सारखी नसतात. एका टोकाला रेणू झपाट्याने जोडले जातात. त्याला प्लस टोक म्हणू. दुसरे, म्हणजे मायनस टोक, बरेच मंद असते. एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू धारण केलेल्या सुट्या ॲक्टिनचे प्रमाण प्लस टोकाशी सुमारे ०.१ मायक्रोमोलरच्या वर असले की ते टोक वाढते. मायनस टोक वाढण्यासाठी मात्र सुमारे ०.६ मायक्रोमोलर लागतात. प्रमाण या दोहोंच्या दरम्यान असेल तर एका टोकाला भर पडते आणि दुसऱ्या टोकाला झीज होते. तंतूची लांबी तीच राहते, पण त्यातील रेणू बदलत राहतात. यालाच ट्रेडमिलिंग म्हणतात.

पेशीत हा व्यवहार एकट्या ॲक्टिनच्या हाती नसतो. आर्प २/३ हे प्रथिनसंकुल जुन्या तंतूच्या अंगावर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी उभी करते. त्यातून लॅमेलिपोडियमसारखे, म्हणजे पेशीच्या पुढच्या पातळ कडेत असते तसे, रुंद, पसरट जाळे तयार होते. फॉर्मिन ही प्रथिने प्लस टोकाला धरून राहतात आणि न फांदलेले, सरळ तंतू वाढवतात. प्रोफिलिन सुटे रेणू प्लस टोकाकडे पोहोचवते, टोके झाकणारी प्रथिने वाढ थांबवतात आणि कोफिलिन जुन्या, एडीपी (वापरून झालेले एटीपी) धारण केलेल्या तंतूंचे तुकडे करते. चित्रात काय शोधायचे हे यावरून ठरते: पसरट जाळे दिसले की आर्प २/३ विषयी प्रश्न विचारावा, सरळ जुडग्या दिसल्या की फॉर्मिन आणि त्या बांधणाऱ्या फॅसिनविषयी.

सुरुवात हायड्रिलाच्या पानापासून

महागड्या यंत्राकडे जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने हायड्रिलाचे पान पाहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. क्रॉफर्ड मार्केटमधील मत्स्यालयाच्या दुकानांत ही पाणवनस्पती मिळते. शेंड्याजवळचे कोवळे, हिरवेगार पान चिमट्याने अलगद तोडावे, ज्या पाण्यात वनस्पती होती त्याच पाण्याच्या थेंबात स्लाइडवर ठेवावे आणि कव्हरस्लिपने झाकावे. पान जेमतेम दोन पेशींइतके जाड असल्यामुळे छेद घेण्याची गरज पडत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशात काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली पानाच्या मध्यशिरेजवळच्या लांबट पेशी पाहाव्यात.

तिथे हरितलवके पेशीच्या भिंतीलगत एकामागोमाग एक जाताना दिसतात. एका बाजूने वर जातात, कोपऱ्याशी वळतात आणि दुसऱ्या बाजूने खाली येतात. काही मध्येच थबकतात, मागच्याला वाट देतात आणि पुन्हा प्रवाहात मिसळतात. शेजारच्याच पेशीत सारे निवांत असते. एकच हरितलवक निवडून आयपीसमधील मोजपट्टीच्या किती रेघा ते किती सेकंदांत ओलांडते, हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावे. मोजपट्टीची एक रेघ म्हणजे किती मायक्रोमीटर, हे त्याच ऑब्जेक्टिव्हखाली स्टेज मायक्रोमीटर ठेवून आधी ठरवलेले असावे. एका पेशीतील एकाच लवकावर समाधान मानू नये; अनेक पेशींतील अनेक लवके मोजावीत, कारण थबकणाऱ्या आणि धावणाऱ्या लवकांचे वेग एकमेकांपासून फार दूर असतात.

ही हालचाल ॲक्टिनवर अवलंबून आहे, पण इथे ॲक्टिन सरकत नाही. तंतूंच्या जुडग्या पेशीच्या कडेला स्थिर असतात आणि मायोसिन हे प्रथिन त्यांच्यावरून आपला भार घेऊन चालते. मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी १९८३ मध्ये नायटेला या शैवालाची पेशी उघडून तिच्यातील ॲक्टिनच्या जुडग्यांवर मायोसिन लावलेले मणी ठेवले आणि ते मणी त्या जुडग्यांवरून एकाच दिशेने चालत गेले. स्थिर जुडग्या आणि चालते मायोसिन हे त्या प्रयोगात उघड दिसले. म्हणून वहीत ‘ॲक्टिनचा वेग’ असे लिहू नये. ‘हरितलवकांचा वेग’ असे लिहावे. शब्दांची ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागली तर पुढील सारे सोपे जाते.

माशाच्या खवल्यावरील पेशी

प्राणिपेशीत कड पुढे सरकताना पाहायची असेल तर माशाच्या त्वचेतील केरॅटोसाइटला पर्याय नाही. ही पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने सरपटते, तिला कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरची गरज नसते आणि उष्ण प्रदेशातील माशांच्या बाबतीत मुंबईतील खोलीचे तापमान तिला मानवते. गोल्डफिश, ब्लॅक टेट्रा किंवा तिलापिया यांपैकी कोणताही मासा चालतो. मासा पृष्ठवंशी प्राणी असल्यामुळे संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्यावी लागते आणि खवला काढण्याचे काम ज्याला ते शिकवले आहे त्यानेच करावे. यात सूट नाही.

काढलेला खवला प्रतिजैविक घातलेल्या माध्यमात धुऊन कव्हरस्लिपवर ठेवावा, त्यावर दुसरी कव्हरस्लिप ठेवून तो दाबून धरावा आणि सीरम घातलेले एल-१५ माध्यम भरून ठेवावे. हे माध्यम साध्या हवेत आपला आम्ल-अल्कली समतोल टिकवते, म्हणूनच ते निवडायचे. काही तासांत, फार तर रात्रभरात, खवल्याच्या कडेने पेशींचा पदर बाहेर पसरलेला दिसतो आणि त्यातून एकेकट्या पेशी सुटू लागतात. फेज कॉन्ट्रास्टमध्ये अशी एकटी पेशी सहज ओळखू येते: मागे केंद्रकाचा फुगीर भाग आणि पुढे अर्धचंद्राकृती, अगदी पातळ, गुळगुळीत लॅमेलिपोडियम. दर ५ सेकंदांनी एक चित्र घेतले तरी पेशीची चाल स्पष्ट दिसते.

या पेशीकडे पाहिल्यावर मनात पहिली कल्पना अशी येते की आतील जाळे पेशीबरोबर पुढे चालले आहे. तसे नसते. ज्युली थेरिओ आणि टिम मिचिसन यांनी १९९१ मध्ये केरॅटोसाइटमध्ये असे ॲक्टिन टोचले की जे प्रकाशाचा विशिष्ट झोत पडेपर्यंत चमकत नाही. मग लॅमेलिपोडियमवर प्रकाशाची एक अरुंद पट्टी टाकून तेवढेच तंतू त्यांनी उजळवले. पेशी पुढे निघून गेली, पण ती चकाकती पट्टी काचेच्या संदर्भात होती तिथेच राहिली आणि निम्मी चकाकी सुमारे २३ सेकंदांत विझली. जाळे काचेवर स्थिर राहते, त्याला पुढून भर पडते आणि मागून ते सुटे होत जाते. त्याआधी १९८५ मध्ये यू-ली वँग यांनी फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीतील पेशीत उलट मार्ग धरला होता. त्यांनी चमकणाऱ्या ॲक्टिनवर लेझरने एक काळा ठिपका पाडला. फायब्रोब्लास्टची कड जवळपास स्थिर होती, पण तो काळा ठिपका कडेकडून आत, केंद्रकाच्या दिशेने सरकत गेला. लालबागच्या दर्शनाची रांग तासन्‌तास त्याच रस्त्यावर, त्याच लांबीची दिसते, पण तिच्यातील प्रत्येक माणूस पुढे पुढे जात असतो. फायब्रोब्लास्टच्या कडेमागील जाळ्याचे तसेच आहे.

दोन पेशी आणि दोन वरवर विरुद्ध निष्कर्ष, परंतु दोन्हींना एकच सूत्र लागू पडते. कडेशी तंतूंची जी बांधणी होते तिचा वेग म्हणजे कड पुढे जाण्याचा वेग अधिक जाळे मागे वाहण्याचा वेग. केरॅटोसाइटमध्ये मागचा प्रवाह जवळजवळ शून्य असतो, म्हणून सारी बांधणी पुढे जाण्यात दिसते. स्थिर कडेच्या पेशीत सारी बांधणी मागील प्रवाहात दिसते. बाकीच्या पेशी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि जाळे काचेला किती घट्ट धरून आहे यावर त्यांची जागा ठरते. कडेचा वेग तेवढा मोजून ‘ॲक्टिनची बांधणी मंदावली’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे. कदाचित बांधणी तीच असेल आणि पकड सुटली असेल.

खूण कोणती लावावी

जाळे मागे वाहते की स्थिर आहे, हे खूण लावल्याखेरीज कळत नाही. खुणेची निवड प्रश्नावर अवलंबून असते आणि ती करताना घाई नडते.

सर्वांत जास्त वापरली जाणारी खूण म्हणजे लाइफॲक्ट. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा यीस्टच्या एका प्रथिनातील १७ अमिनो आम्लांचा तुकडा तंतूंना चिकटतो आणि त्याला जीएफपी किंवा तत्सम चमकणारे प्रथिन जोडलेले असते. त्याने तंतू छान उठून दिसतात. पण तो तंतूवरून सतत सुटतो आणि पुन्हा चिकटतो, तेही एका सेकंदाहून कमी काळात. म्हणून लाइफॲक्टवर लेझरने काळा ठिपका पाडून चकाकी किती वेळात परत येते हे मोजले, तर मिळणारा आकडा लाइफॲक्टचा असतो, ॲक्टिनचा नव्हे. ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण आलेख इतका सुबक येतो की शंका घेण्याची इच्छाच होत नाही. लाइफॲक्टची दुसरी मर्यादा अशी की कोफिलिनने मढलेले तंतू त्याला दिसत नाहीत. आणि तो पेशीत भरमसाट झाला तर तंतूंचे वर्तनच बदलतो.

जीएफपी जोडलेले ॲक्टिन तंतूचा भाग बनते, त्यामुळे रेणूंची अदलाबदल मोजण्यासाठी तेच योग्य. त्याची अडचण वेगळी: जीएफपीचे ओझे असलेला रेणू फॉर्मिनच्या वाटेने तंतूत सहजी शिरत नाही, त्यामुळे फॉर्मिनने बांधलेल्या जुडग्या प्रत्यक्षापेक्षा फिक्या दिसू शकतात. यूट्रोफिन या प्रथिनाचा तंतूंना चिकटणारा भाग आणि एफ-ट्रॅक्टिन हे आणखी दोन पर्याय आहेत. एसआयआर-ॲक्टिन हे रसायन माध्यमात नुसते घातले की पुरते, ट्रान्सफेक्शन, म्हणजे पेशीत खुणेचे जनुक घालणे, लागत नाही. पण ते जास्प्लाकिनोलाइड या तंतू घट्ट करणाऱ्या पदार्थावर बेतलेले आहे, म्हणून कमीत कमी प्रमाणात वापरावे. फॅलॉइडिन हे विषारी अळंबीतून मिळणारे रसायन जिवंत पेशींसाठी नाही. ते पेशी स्थिर केल्यावर, म्हणजे रसायनाने मारून आहे त्या अवस्थेत टिकवल्यावर, वापरायचे.

माझा सल्ला असा की एकच निरीक्षण किमान दोन वेगळ्या खुणांनी पडताळावे आणि प्रत्येक वेळी अंधुक पेशी निवडावी. डोळा साहजिकच सर्वांत तेजस्वी पेशीकडे जातो. तिच्यात खूण सर्वांत जास्त असते आणि म्हणून ती सर्वांत कमी विश्वासार्ह असते. खूण न घातलेल्या पेशींची चाल फेज कॉन्ट्रास्टमध्ये मोजून ठेवावी, म्हणजे खुणेने चाल बदलली का, हे लगेच कळते.

पेशी कोणती घ्यावी, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. उंदराच्या मेलानोमाच्या बी१६-एफ१ पेशी लॅमिनिन लावलेल्या काचेवर रुंद लॅमेलिपोडियम पसरतात आणि या कामासाठी त्या उत्तम. पेशीवाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून मागवता येतात.

चित्रण करताना

परळच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी कुर्ल्याला गाडी बदलून खारघरला न्यायच्या असतील तर झाकणबंद फ्लास्क माध्यमाने काठोकाठ भरावा, म्हणजे हिंदकळून पेशी सुटत नाहीत आणि हवेशी संपर्क राहत नाही. फ्लास्क थर्मोकोलच्या डब्यात ठेवावा. डिशमध्ये चिकटवलेल्या, ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशी नेण्यापेक्षा पोहोचल्यावर तिथे चिकटवणे बरे. पावसाळ्यात एक फ्लास्क आपल्या प्रयोगशाळेत राखीव ठेवावा.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीचीच हवी. तापमान ३७ अंशांवर स्थिर होण्यासाठी स्टेज किमान तासभर आधी सुरू करावे. वातानुकूलित खोलीत तेलाचे ऑब्जेक्टिव्ह पेशींची उष्णता ओढून घेते, म्हणून ऑब्जेक्टिव्हलाही उष्णतेची पट्टी असावी. एसी चालू-बंद होण्याच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर फोकस सरकत असेल तर एसीची हवा थेट यंत्रावर येत नाही ना, ते पाहावे. मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. स्वतःच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह पावसाळ्यात सिलिका जेल असलेल्या कोरड्या कपाटात ठेवावेत, कारण बुरशीने कोरलेले भिंग पुन्हा पूर्ववत होत नाही.

१.४ अंकीय छिद्राच्या (न्यूमेरिकल ॲपर्चर, म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता) उत्तम ऑब्जेक्टिव्हनेही हिरव्या प्रकाशात सुमारे १८० नॅनोमीटरहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत; तंतू ७ नॅनोमीटरचा आहे. म्हणजे लॅमेलिपोडियममध्ये दिसणारी प्रत्येक रेघ हा एक तंतू नसून अनेक तंतूंचा मिळून आलेला प्रकाश आहे. काचेलगतचेच तेवढे पाहायचे असेल तर टर्फ पद्धत वापरावी, कारण तिच्यात काचेपासून साधारण १०० ते २०० नॅनोमीटरपर्यंतचाच भाग उजळतो.

प्रकाश जितका कमी तितका बरा. निळ्या लेझरने पेशी भाजली जाते आणि भाजलेल्या पेशीची कड पहिली आक्रसते. म्हणून चित्रणाच्या सुरुवातीला सरकणारी कड काही मिनिटांनी मागे येऊ लागली तर तो ॲक्टिनचा गुण समजण्याआधी लेझर निम्मा करून पाहावे. फिनॉल रेड हा रंग नसलेले माध्यम वापरले की पार्श्वभूमी काळी राहते आणि लेझर आपोआप कमी लागतो. लॅमेलिपोडियमसाठी दर २ ते ५ सेकंदांनी एक चित्र पुरते. यीस्टमधील ॲक्टिनचे ठिपके काही सेकंदांतच जन्मतात आणि विरून जातात, त्यांच्यासाठी सेकंदाला एक किंवा अधिक चित्रे लागतात.

कायमोग्राफ वाचणे

चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून वेग ठरवता येत नाही. त्यासाठी कायमोग्राफ काढावा लागतो. फिजी हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. चित्रफीत उघडून कडेला काटकोनात, बाहेरच्या काळ्या जागेपासून पेशीच्या आतपर्यंत एक सरळ रेघ ओढावी, तिची जाडी ३ ते ५ पिक्सेल ठेवावी आणि ‘रीस्लाइस’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक चित्रातील त्या रेघेवरील पट्टी कापून एकाखाली एक लावलेली मिळते. आडवा अक्ष म्हणजे अंतर आणि उभा अक्ष म्हणजे काळ.

या आकृतीत दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे पेशीची कड: काळा भाग आणि उजळ भाग यांमधील सीमा. ती उभी असेल तर कड स्थिर. तिरकी असेल तर पुढे किंवा मागे. दुसरी, आणि अधिक मोलाची, म्हणजे कडेपासून आत जाणाऱ्या तिरक्या बारीक रेघा. जाळ्यात काही जागा योगायोगाने जास्त उजळ असतात आणि जाळे वाहते तसे हे ठिपके त्याच्याबरोबर वाहतात; त्यांची वाट म्हणजे या रेघा. खूण मुद्दाम फार कमी प्रमाणात घातली तर असे सुटे ठिपके जास्त स्पष्ट दिसतात. रेघा कडेशी तिरक्या आणि आत गेल्यावर जवळजवळ उभ्या होत असतील, तर तिथे लॅमेलिपोडियम संपून लॅमेला सुरू झाला आहे, जिथला प्रवाह मंद आणि मुख्यतः मायोसिनच्या ओढीचा असतो. रेघ ज्या ठिकाणी मोडते ते ठिकाण आकृतीवर खुणेने नोंदवावे.

एक नमुना हिशेब करून पाहू. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा आणि ऑब्जेक्टिव्ह ६०चा असेल तर चित्रातील एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.१०८ मायक्रोमीटर. दर २ सेकंदांनी चित्र घेतले आहे. एक रेघ ६० चित्रांत, म्हणजे १२० सेकंदांत, २० पिक्सेल आत सरकली, तर प्रवाह २.१६ मायक्रोमीटर भागिले २ मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे १.१ मायक्रोमीटर. त्याच काळात कड मिनिटाला ०.६ मायक्रोमीटर पुढे गेली असेल, तर बांधणीचा वेग मिनिटाला १.७ मायक्रोमीटर होतो. आर्प २/३ मुळे फांदलेले तंतू कडेला थेट काटकोनात न वाढता साधारण ३५ अंश कललेले असतात, म्हणून प्रत्यक्ष तंतूची वाढ १.७ भागिले ०.८२, म्हणजे मिनिटाला सुमारे २.१ मायक्रोमीटर. त्याला २.७ नॅनोमीटरने आणि मिनिटाच्या ६० सेकंदांनी भागले की प्रत्येक तंतूला सेकंदाला साधारण १३ रेणू जोडले जात होते, असे निघते. मायक्रोमीटरपासून रेणूंच्या संख्येपर्यंत साध्या भागाकाराने पोहोचता येते, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ वाटते. आणि सुट्या ॲक्टिनचे प्रमाण १ मायक्रोमोलर असताना प्लस टोकाला सेकंदाला सुमारे १० रेणू जोडले जातात, या परीक्षानळीतील मोजमापाशी त्याची तुलना करता येते.

फिलोपोडियम (कडेतून बाहेर येणारा बोटासारखा बारीक उंचवटा) असो वा लाट, हीच रीत वापरावी. फिलोपोडियमचे टोक पुढे जात असतानाही त्यातील जुडगी मागे वाहत असते, म्हणून टोक आणि आतील ठिपके यांचे वेग वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज करावी. लाटेच्या बाबतीत लाटेच्या मध्ये एक काळा ठिपका पाडून पाहावे: लाट पुढे निघून गेली आणि काळा ठिपका मागे राहिला, तर तंतू जागेवरच आहेत आणि लाटेच्या पुढच्या कडेला बांधणी व मागच्या कडेला मोडणी चालू आहे. डिक्टिओस्टेलियम या अमीबामध्ये असेच आढळले आहे. स्ट्रेस फायबर, म्हणजे पेशीतील ॲक्टिन आणि मायोसिनच्या जाड जुडग्या, फार मंद असतात. त्यांच्यासाठी चित्रांमधील अंतर वाढवून चित्रण लांबवावे, एवढे पुरे.

रोधक वापरताना

मोजलेल्या हालचालीला कोण जबाबदार आहे, हे रोधक पदार्थांनी तपासतात. लॅट्रन्क्युलिन सुटे रेणू अडकवून ठेवते, त्यामुळे नवी बांधणी थांबते आणि असलेले तंतू हळूहळू झिजतात. झपाट्याने बदलणारे लॅमेलिपोडियम आधी जाते आणि स्ट्रेस फायबर मागाहून, हा क्रमच रेणूंच्या अदलाबदलीविषयी बरेच सांगतो. सायटोकॅलेसिन डी प्लस टोक झाकते. सीके-६६६ आर्प २/३ ला रोखते आणि त्याच्याबरोबर सीके-६८९ हे निष्प्रभ भावंड तुलनेसाठी वापरावे. ब्लेबिस्टॅटिन मायोसिन २ ला रोखते, पण निळ्या प्रकाशात ते निष्प्रभ होते आणि वर विषारीही ठरते. जीएफपीच्या चित्रणात ते वापरू नये, लाल रंगाची खूण घ्यावी किंवा त्याचा प्रकाशात टिकणारा नायट्रो प्रकार घ्यावा. एसएमआयएफएच२ हे फॉर्मिनचे रोधक म्हणून विकले जाते, तथापि ते मायोसिनांनाही रोखते, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर फॉर्मिनविषयी विधान करू नये.

हे सारे पदार्थ डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले असतात आणि डीएमएसओ त्वचेतून आत जातो व आपल्याबरोबर इतर पदार्थही नेतो. हातमोज्यांशिवाय बाटली उघडू नये. तुलनेच्या डिशमध्ये तेवढाच नुसता डीएमएसओ घालावा. रोधक घालण्याआधी त्याच पेशीची किमान पाच मिनिटांची चित्रफीत घ्यावी, चित्रण न थांबवता रोधक मिसळावा आणि शेवटी धुऊन काढून हालचाल परत येते का, ते पाहावे. ती परत आली नाही तर दिसलेला बदल रोधकाचा की मरणाऱ्या पेशीचा, हे सांगता येत नाही आणि तो प्रयोग जमेस धरू नये.

मायोसिन रोखल्यावर लॅमेलातील प्रवाह मंदावतो आणि लॅमेलिपोडियममधील मात्र बराचसा टिकतो, कारण कडेशी बांधल्या जाणाऱ्या तंतूंचा पटलावरील रेटाच तिथे जाळ्याला मागे ढकलतो. दोन्ही भागांचे वेग एकाच कायमोग्राफवर रोधकाच्या आधी आणि नंतर वेगवेगळे वाचावेत. सरासरी काढून एकच आकडा दिला तर हा फरक पुसला जातो. चित्रण संपताच तीच डिश स्थिर करून फॅलॉइडिनने रंगवावी आणि काचेवर आधी कोरलेल्या जाळीच्या आधारे तीच पेशी पुन्हा शोधावी, म्हणजे जिवंतपणी खुणेने न दाखवलेले तंतू तिथे होते का, हे तपासता येते. जास्प्लाकिनोलाइड वापरलेल्या डिशसाठी मात्र ही तपासणी चालत नाही, कारण ते आणि फॅलॉइडिन तंतूवरील एकाच जागेसाठी स्पर्धा करतात. तिथे ॲक्टिनच्या प्रतिपिंडाने रंगवावे.